बाजूनेही दिसणारा मॉनिटर

३ मार्च

हातात दोन एक्के असताना पानं टाकून दिली माझ्या नवऱ्याने आज. टाकायची नव्हती – बटण चुकलं! सहा टेबलं एकाच लहानशा स्क्रीनवर, एकाच्या अंगावर एक चढलेली. एखाद्या टेबलावर ह्याची पाळी आली की ते आपोआप उडी मारून सगळ्यांच्या वर येतं, आणि ह्याने दुसऱ्यासाठी दाबलेलं बटण त्यालाच लागतं. तसेच एक्के गेले. "अरे," एवढंच म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला. बशीएवढं टक्कल माझ्याकडे वळलं.

मी मागे मशीनवर एका बाईच्या स्कर्टची झिप उसवत होते. हसू बाहेर पडू नये म्हणून ओठांत दोन टाचण्या धरल्या.

४ मार्च

काळ्या कापडावर काळी टीप. दिव्याच्या उजेडात. तिरकी गेली, उसवली, परत घातली, परत तिरकी.

खिडकी माझी होती. ह्या घरात आल्यावर मी एकच गोष्ट मागितली होती – मशीन खिडकीशी. दोन वर्षांपूर्वी ह्याने विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडली, मला न विचारता, आणि ऑनलाइन पोकर खेळायला बसला. खेळतो म्हणत नाही. "मी पोकर करतो," म्हणतो, कोणी वकिली करतं तसं. त्याचं टेबल खिडकीशी गेलं आणि माझं मशीन मागच्या भिंतीला, उजव्या कोपऱ्यात, जिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो. तेव्हा म्हणाला होता, तुला काय, दिवा लावला की झालं.

झालं!

मी लोकांचे कपडे त्यांच्या अंगाच्या बेताचे करून देते. कोणाचं पोट सुटलंय, कोण एक खांदा पाडून चालतं, मला लगेच कळतं. ह्याचं माप दोन वर्षं पाठीमागून घेते आहे. मान कासवासारखी पुढे आलीय. खांदे कानांना टेकायचे बाकी आहेत. बूड खुर्चीच्या आकाराचं झालंय. हा माणूस उभा कसा दिसायचा ते मला आठवावं लागतं.

७ मार्च

नणंदबाई आल्या होत्या. त्यांचं मालाचं गोदाम आहे. माल पाठवायच्या टेबलावरची जागा भावासाठी राखून ठेवलीय त्यांनी. आज स्पष्ट सांगितलं – एप्रिलअखेरपर्यंत वाट बघीन, मग दुसरा माणूस घेईन, भाऊ असलास तरी.

ह्याने नेहमीचं पुराण लावलं. चुका खेळातल्या नाहीत, मॉनिटरच्या आहेत. मोठा मॉनिटर आला की बघच. ताईंनी विचारलं, आणि त्यानेही नाही जमलं तर? तेव्हा हा ताठ बसला (बसता येतं अजून!) आणि म्हणाला, "खात्यात आहे तेवढं संपलं की बंद. वरून दमडी घालणार नाही. हिला खिडकी मोकळी करून देईन आणि तुझ्याकडे येईन."

ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, ऐकलंस ना, तू साक्षीदार. ऐकलं तर! अक्षर न अक्षर ऐकलं. "अहो, नक्की ना?" असंही विचारून घेतलं. तोंडावर अहो-जाहो करते मी त्याला. इथे 'हा' पुरे.

९ मार्च

एक गोष्ट कुठेच बोललेली नाही, ती इथे लिहून टाकते. कप्तान म्हणजे मी.

१० मार्च

काल एवढं लिहिलं आणि वही मिटली. कापडांच्या गठ्ठ्याखाली सरकवली.

तर कप्तान. हा दोन वर्षं मोठमोठ्याने खेळ समजावत आलाय – मला नव्हे, भिंतीला. पण भिंतीशी मी बसलेली! हातातली दोन पानं मधल्या सगळ्यांच्या पानांशी कशी जुळवायची, कुठली धरायची, कुठली टाकायची, थाप कधी मारायची, सगळं कानावर पडून पडून पाठ झालं. शेवटी मोबाइलवर मीच एक खातं उघडलं. नाव 'कप्तान', चित्र टोपीवाल्या मिशाळ बाप्याचं. घरचं इंटरनेट वापरत नाही. एका घरातल्या दोघांनी एका टेबलावर बसायचं नाही असा तिथला नियम आहे, सापडले तर दोघांचीही खाती गोठवतात. म्हणून मोबाइलचं वेगळं.

मांडीवर कापड, कापडाखाली मोबाइल. टीप मारत राहायची. कप्तानची पाळी आली की पायडलवरून पाय काढायचा, अंगठ्याने चाल करायची, की परत टीप चालू. चार पावलांवर त्याची पाठ.

आज कप्तानने थाप मारली आणि ह्याने चांगली पानं टाकून दिली. "कोण आहे हा कप्तान, सोडतच नाही," म्हणाला. मी विचारलं, कोण हो? म्हणाला, तुला नाही कळायचं. मी म्हटलं, खरंच, मला कुठलं कळायला.

१३ मार्च

अडचण एकच आहे. त्याचा जुना मॉनिटर समोरून ठीक दिसतो. मी बसते तिथून, स्टुलावरून, खालून आणि तिरकं बघितलं की नुसतं डांबर. त्याच्या हातातली पानं दिसत नाहीत, म्हणून कप्तान कधी जिंकतो, कधी हरतो. पानं दिसली तर? एप्रिलअखेरच्या आत खातं धुऊन काढीन.

लबाडी आहे का ही? आहे. मग खिडकी नेली ते काय होतं?

१४ मार्च

जेवताना मॉनिटर. भांडी घासताना मॉनिटर. न्हाणीघराच्या दाराबाहेर उभा राहून मॉनिटर! दोन लहान घ्यावेत की एक मोठा? दोन घेतले तर मधोमध दोघांच्या कडांची भिंत येते. लांबलचक घेतला तर सगळी टेबलं बसतात, पण मान दिवसभर इकडून तिकडे फिरवावी लागते. बत्तीस इंची, बारीक ठिपक्यांचा घेतला तर नऊ टेबलं तीन रांगांत, एकाला एक न चिकटता, आणि आकडेही वाचता येतात. जास्त वेगाचा नको, तो मारामारीचे खेळ खेळणाऱ्यांना लागतो. पत्ते काही पळत नाहीत.

मी म्हटलं, मग घ्या की. चांगला बघून घ्या, मीही येते.

त्याने घास हातातच धरला आणि माझ्याकडे बघत राहिला. दोन वर्षांत मी त्याच्या कशालाच हो म्हटलेलं नव्हतं. जरा जास्तच गोड बोलले की काय असं वाटलं. पण मग जेवला गुपचूप.

१८ मार्च

दुकानात गेलो. पत्त्यांची टेबलं लावायला सांगून हा समोर बसून बघणार, मी बाजूने. घरून टेपने मोजून गेले होते – त्याच्या खुर्चीपासून माझं स्टूल किती मागे, किती उजवीकडे, जमिनीपासून किती उंच. प्रत्येक मॉनिटरपाशी तेवढं मागे जायचं, तेवढं उजवीकडे सरकायचं, आणि चपलेचा बंद लावायच्या निमित्ताने खाली बसायचं. तिसऱ्यांदा बसले तेव्हा टायवाल्या विक्रेत्याने विचारलं, मॅडम, स्टूल आणून देऊ का?

पहिल्यात राखाडी धुकं. दुसऱ्यात लाल पान कुठलं आणि काळं कुठलं, पत्ता लागेना. तिसरा बरा, पण आकडे फिकट. चौथा – काय सांगू! खाली बसून, मान वाकडी करून बघितलं तरी बदाम तो बदाम, इस्पिक ते इस्पिक. विक्रेता म्हणाला, ह्याचं पॅनेलच निराळं, कुठूनही सारखं दिसतं, पण समोर बसणाऱ्या एकट्या माणसाला त्याचा काय उपयोग? विकायला बसलाय की मोडता घालायला? मी पटकन म्हटलं, अहो हाच घ्या, डोळ्यांना किती थंड वाटतो.

त्यातही दोन प्रकार निघाले. एक मॅट, एक चकचकीत काचेचा. विक्रेत्याने विचारलं, खोलीत पाठीमागे दिवा असतो का? असेल तर मॅटच घ्या, नाहीतर तो दिवा दिवसभर स्क्रीनवर दिसत राहील.

"दिसू दे," हा म्हणाला. "चकचकीत द्या."

विक्रेत्याने परत समजावलं, दोन्ही शेजारी ठेवून दाखवले. ह्याचं आपलं एकच. लहान मुलासारखं चमकणारं दिसलं की हात पुढे! मी तोंड उघडलं नाही. मला पानं दिसल्याशी कारण.

२० मार्च

आला मॉनिटर. टेबलावर मावेना. एवढा मोठा की खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकला – म्हणजे होता तो उजेडही गेला. पण आज मला त्याचं दुःख नाही.

जोडून झाल्यावर त्याने स्क्रीन किंचित उजवीकडे वळवली. मान अवघडते म्हणे. उजवीकडे म्हणजे माझ्याकडे! मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

आणि मूर्खपणा बघावा. नऊ टेबलं मावतात म्हणून एवढा आणला आणि लावली सहाच, डावीकडे आणि मध्ये. उजवीकडचा सगळा पट्टा रिकामा, काळा. विचारलं तर म्हणतो, डोळ्यांना विसावा लागतो. तीन खोल्यांचं घर घ्यायचं आणि एकीला कुलूप लावायचं, त्यातली गत.

पानं मात्र ताटाएवढी दिसतात. माझ्या स्टुलावरून!

२४ मार्च

आज कप्तानने त्याला तीनदा सोललं. शांतपणे, सालं काढावीत तसं.

२९ मार्च

दुपारी एका कोटाच्या बाह्या आखूड करत होते. हा अचानक बोलला, मान न वळवता.

"हा कप्तान मनकवडा आहे गं. मी थाप मारली की पकडतो, खरं असलं की पळतो. असा खेळाडू मी बघितला नाही."

मला सांगितलं हे. भिंतीला नव्हे – "गं" म्हणाला! काय करावं मी? माझ्या हातचं काही ह्याच्या नजरेत भरल्याला किती काळ लोटला. त्याचा जुना कोट उसवून, आतली बाजू बाहेर घेऊन नव्यासारखा करून दिला होता, तो घातला आणि विसरला. आज कौतुक झालं ते मिशाळ बाप्या म्हणून. आणि तेसुद्धा त्याचीच पानं बघून. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. कान गरम झाले, हातातली बाही वाकडी शिवली गेली. फार आवडलं मला.

४ एप्रिल

ताप आहे त्याला. तरी बसला, पांघरूण गुंडाळून. मध्येच म्हणाला, जरा गरम पाणी देतेस का? त्याच वेळी त्याच्या हातात दोन राजे आणि कप्तानकडे तीन चौके. मी म्हटलं, एवढी टीप संपवते नि देते. टीप वगैरे काही नव्हतं. आधी त्याचे राजे घेतले, मग पाणी तापत ठेवलं.

पेला घेऊन त्याने पांघरुणात धरला. म्हणाला, कप्तानने ताप बघितला नाही. आणि हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात?

कळवळा आला असता तर खिडकी गेली असती. कळवळा मागाहून.

११ एप्रिल

नणंदबाईंचा फोन. कुठवर आलंय, विचारत होत्या. मी म्हटलं, एक कोणी कप्तान आहे, तो ह्यांना पार धुतोय, लवकरच संपेल.  मग म्हणाल्या, तुला आनंद होतोय का गं? मी म्हटलं, तुमचा भाऊ कामाला लागेल म्हणून होतोय. अगदीच खोटं नव्हतं ते.

१७ एप्रिल

घात झाला. खातं वर चाललंय!

मी एका टेबलावर घेते आणि हा बाकीच्या पाचांवर मिळवतो. बटण चुकत नाही आता. कोणतंही टेबल दुसऱ्यावर चढत नाही, जिथलं तिथे. शांत बसतो, नको ती पानं टाकतो, हवी ती धरतो, आणि लोक आपणहून येऊन त्याच्यापुढे ओततात. म्हणजे दोन वर्षं खरंच मॉनिटरच आड येत होता की काय? आज पूर्ण दुपार त्याची पानं बघत बसले. तो चांगला खेळतो. हे लिहिताना पेन जड झालं.

आणि हा मॉनिटर कोणी निवडला? मी! चपलेचा बंद लावून लावून!

एप्रिल संपायला उरलंय काय? असंच चाललं तर ताई जागा दुसऱ्याला देतील, आणि मी जन्मभर ह्या कोपऱ्यात काळ्यावर काळी टीप.

२१ एप्रिल

सगळं लिहायला हवं, क्रमाने.

दुपारी मांडीवर सॅटिनचा झगा होता. सॅटिन म्हणजे मेलं माशासारखं निसटतं. कप्तानच्या हातात काही नव्हतं, टाकायचीच होती पानं. झगा घसरला, मी सावरायला गेले आणि अंगठा बटणावर पडला – चुकीच्या! कप्तानने सगळंच्या सगळं लावलं. महिनाभर त्याच्याकडून ओरबाडलेलं सगळं, हातात काही नसताना.

"आई गं," तोंडून निघून गेलं.

"काय झालं?" हा, मान न वळवता.

"सुई टोचली."

"जपून."

त्याच्या स्क्रीनकडे बघितलं. मधली पानं धरून तीन राजे, दोन नव्वे. ताटाएवढे. ह्याच्यापुढे कप्तान म्हणजे कचरा. त्याने नुसतं हो म्हणायचं होतं – गेलेलं सगळं परत, वर माझं मूळचंही, आणि मग कुठली खिडकी आणि कुठलं गोदाम.  पाय पायडलवर, पण पायडल दाबवेना.

तो हलला नाही. स्क्रीनच्या उजवीकडे, त्या रिकाम्या काळ्या पट्ट्याकडे बघत राहिला. विचार करताना तिकडेच बघायची सवय लागलीय त्याला. वेळ संपत आली तशी घंटी वाजायला लागली. मग त्याने बटण दाबलं.

पानं टाकली त्याने. तीन राजे आणि दोन नव्वे टाकून दिले!

मला हसू आवरेना. तोंडात झग्याचा काठ कोंबला. मूर्ख! एवढा मोठा मॉनिटर आणि परत बटण चुकलंच! त्यानंतर तो जो सुटला – बाकीची पाच टेबलं बंद केली, खात्यातलं होतं नव्हतं ते कप्तानच्या टेबलावर आणलं, आणि हातात सत्ती नि दुर्री असताना सगळं लावलं. पोकरमध्ये ह्याहून वाईट पानं नसतात, त्यानेच भिंतीला शंभरदा सांगितलंय. खचला, डोकं फिरलं, दुसरं काय. मी घेतलं. का सोडू?

खात्यात शून्य. तो उठला, पाठ सरळ केली. विसरलेच होते, माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच आहे.

"संपलं," म्हणाला. "रविवारी टेबल हलवतो. ताईला फोन करतो."

जिंकले. जिंकले. जिंकले.

२२ एप्रिल

ह्या मॉनिटरवर टेबलं एकावर एक चढत नाहीत. मग बटण चुकलं कसं?

२३ एप्रिल

उद्यापासून गोदामात. त्याचे दोन शर्ट कमरेत सैल करून दिले. आरशात बघून म्हणाला, छान बसला. काय खेळ होता तुमचा त्या दिवशी, असं विचारावंसं वाटलं, पण मला कुठलं कळायला, नाही का! तसंच गिळलं.

आज दिवसभरात एकदाही कप्तानचं नाव काढलं नाही त्याने. संध्याकाळी माझ्या मशीनपाशी येऊन उभा राहिला, चाकावर बोट फिरवलं. म्हणाला, तेल घाल ह्याला. थांबताना आवाज करतं, तिकडे बसल्या जागी कळतं.

२४ एप्रिल

तो गेला कामावर. मॉनिटर विकून टाकावा म्हणून पुसायला त्याच्या खुर्चीत बसले. पहिल्यांदाच.

स्क्रीन बंद, काळी. उजवीकडे, जिथे त्याने कधी टेबल लावलं नाही, तिथे माझं स्टूल. मशीनवरचा दिवा चालूच राहिला होता. त्या उजेडात सॅटिनचा झगा, कात्री, टाचण्यांची डबी, सगळं आरशात दिसावं तसं. स्टुलावर मांडीच्या जागी मोबाइल ठेवून बघितला. कंगोरासुद्धा दिसतो.

मशीन थांबलं की कप्तानची चाल. आधी ऐकलं त्याने, मग बघायला चकचकीत काच घेतली. मी हसू दाबताना, कान गरम झाले तेव्हा, आधी राजे आणि मग पाणी – सगळं बघितलं. आणि तरी टाकले तीन राजे. चांगला जिंकत असताना! फडकं भिरकावलं मी. हरामखोर, खिडकी मला जिंकूही दिली नाही, देऊन टाकली. मग रडू आलं, ते थांबेना.

बऱ्याच वेळाने त्याला फोन लावला. त्याने उचलला.  पलीकडे खोकी सरकवल्याचे आवाज.

"बोला, कप्तान," तो म्हणाला.